टाकी खाली आहे

रत्नप्रभाबाईंची सवत जयपुरात आली ती दोन बैलांच्या मागे, दोराला बांधून, फरफटत. तिला मागचं आसन नव्हतं, टपाचं कापड उंदरांनी कधीच फस्त केलं होतं, आणि बगरूजवळच्या एका ठाकुराच्या तबेल्यात ती इतकी वर्षं पडून होती की कोंबड्या तिच्यात बिनदिक्कत अंडी घालत. उत्तमराव मात्र बैलांच्या पुढे असे छाती काढून चालत होते, जसे वरातीतले नवरदेवच.

"विलायती गाडी आहे, रत्ना! आपल्या लग्नाच्या आधीची! नुसती धुतली की झालं."

नुसती धुतली की झालं! या एका वाक्यावर त्या माउलीने पुढचं अख्खं वर्ष काढलं, म्हणजे बघा.

आता उत्तमराव माणूस वाईट नव्हते हो. विम्याच्या कचेरीत अधिकारी, सुपारीचंही व्यसन नाही, आवाज चढला तर तो फक्त नाक शिंकरताना. पण त्यांच्या कपाळी एक खोड लिहिलेली होती: हाती घेतलेलं काम तडीला म्हणून जायचं नाही. दोष त्यांचा नव्हता, बदल्यांचा होता. कोल्हापुरात त्यांनी सतार धरली, तर सरगम बसेपर्यंत बेळगावचा हुकूम आला. बेळगावात गुलाब लावले, कळ्या धरल्या आणि हुबळीचा हुकूम आला. फुलं बघितली ती मागाहून आलेल्या साहेबाने. हुबळीहून थेट जयपूर. इथे येताना उत्तमराव म्हणाले होते, "आता काही सुरू करायचंच नाही. सुरू केलं की तुटतं." ते ऐकून रत्नप्रभाबाईंना वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण म्हणून काय माणसाने घरात भंगार आणावं?

आणि घरात म्हणजे कुठे? पोर्चमध्ये!

त्या पोर्चची एक गोष्ट आहे. लग्नात बाईंच्या वडिलांनी वाईहून एक सागवानी झोपाळा दिला होता. रुंद फळी, पितळी कड्या, कड्यांवर छोटे मोर. प्रत्येक बदलीत तो गोणपाटात गुंडाळून बरोबर निघायचा आणि प्रत्येक घरी गोणपाटातच राहायचा. एका घरावर पत्रे, दुसऱ्या घराचा मालक म्हणे तुळईला भोक पाडू देणार नाही, तिसऱ्या ठिकाणी जागाच नाही. जयपूरच्या सी-स्कीम वस्तीतलं हे घर बघायला आल्या तेव्हा पोर्चच्या छताला दोन लोखंडी कड्या दिसल्या, मनगटाएवढ्या जाड. बाईंनी स्वयंपाकघर बघायच्या आधीच "घेऊन टाका" म्हणून सांगितलं. आणि गोणपाटाची गाठ सुटायच्या आत त्या कड्यांच्या बरोब्बर खाली सवत येऊन बसली.

वर्षभर पोर्चमध्ये ठोकाठोक. जेवायला हाक मारली की गाडीखालून दोन पाय बोलायचे, "आलो, आलो." चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, चांदपोल दरवाजाजवळचे घासीलाल मिस्त्री रोज संध्याकाळी यायचे, तोंडात पान, त्यामुळे बोलणं कमी. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. उत्तमराव त्या वर्षात शीळ घालायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याची शीळ कधी ऐकली नव्हती. पण शिळेवर बसून झोके घेता येत नाहीत ना!

गणपती झाले आणि बाईंचा संयम संपला. त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून टायरला लाथ घालतोय, तेवढ्यात उत्तमराव कचेरीतून आले आणि गाडी अन् लाथ यांच्या मधे उभे राहिले.

"दसऱ्यापर्यंत थांब," ते म्हणाले. "दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करू. हिच्यातून. शहराची शीव ओलांडायची, पलीकडची शमीची पानं तोडायची, आणि हिच्याच चाकांवर घरी यायचं. जमलं तर पोर्च तिचा. नाही जमलं तर मी स्वतः या माणसाला बोलावीन आणि झोपाळा टांगीन."

"शब्द?"

"शब्द."

शीव म्हणजे अजमेर रोडवरचा चुंगीचा, आपल्याकडच्या जकातीचा, नाका. तिथे नगराची हद्द संपते, आणि हद्दीपलीकडे पहिलंच झाड खेजडीचं. खेजडी म्हणजे आपली शमीच की. बाईंनी मनात हिशेब केला: ही गाडी फाटकाबाहेर पडली तरी मिळवली. त्यांनी त्याच दिवशी पितळी कड्या चिंचेने घासायला काढल्या.

आता बाईंच्या हिंदीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पुढचं सगळं घोडं तिथेच पेंड खातं. लग्नाआधी वाईत त्यांनी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या आणि शेवटच्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. त्या भाजीवाल्याला म्हणत, "भैया, आलू का मूल्य उचित नहीं है." भाजीवाला बिचारा हात जोडायचा, त्याला वाटायचं प्रवचन सुरू झालं. कॉलेजात जाणारी त्यांची विभा लाजेने चूर व्हायची.

"आई, मतलब, असं कोणी बोलतं का गं?"

"मी शुद्ध बोलते. तुमची ती बाजारी हिंदी तुम्हालाच लखलाभ."

खंडेनवमीला उत्तमरावांनी पाटावर पान्हे, पक्कड, हातोडी मांडून गंधफूल वाहिलं. लोकांकडे तलवारी, आमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर, असं बाई म्हणाल्या, पण हळद-कुंकू त्यांनीच दिलं. दुपारी उत्तमरावांनी डबाभर पेट्रोल आणून स्वतःच्या हाताने टाकीत ओतलं आणि संध्याकाळी झेंडू आणायला जोहरी बाजाराकडे गेले. ते गेल्यावर घासीलाल आले. गाडीच्या मागे वाकून बघितलं, च्यक् च्यक् केलं आणि बाईंकडे साबण मागितला. टाकीतून थेंब थेंब गळत होतं. मिस्त्रींनी पेट्रोल डब्यात काढून घेतलं, भेगेत साबण दाबून बसवला, आणि तो सुकेपर्यंत टाकीवर भार नको म्हणून डबा तसाच गाडीत मागे ठेवला. हे सगळं बाईंनी काही पाहिलं नाही, त्या आत करंज्या तळत होत्या. जाताना मिस्त्री पान सावरत दारातून म्हणाले,

"बहनजी, साहब को बोल देना, टंकी खाली है. डिब्बा पीछे रख दिया है."

"ज्ञात है, ज्ञात है," बाई म्हणाल्या.

मिस्त्री सणाला आपल्या गावी निघून गेले. बाईंनी झारा ठेवून पोर्चमध्ये डोकावलं. वाकून बघितलं. टाकी मागच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली होती. होतीच की खाली! वर्षभर जो माणूस त्या टाकीखाली उताणा पडलेला, त्याला जाऊन काय सांगायचं, की अहो, टाकी खाली आहे? मिस्त्रींनाही पान खाऊन काहीतरी बोलायचं असतं झालं. मागे एक पत्र्याचा डबा होता, तो पाण्याचा असणार. बाई परत करंज्यांकडे गेल्या.

दसऱ्याला सकाळी गाडी खरंच सुंदर दिसत होती. नाही म्हणायला तोंड हवं. गर्द हिरवा रंग, पितळी दिवे, बॉनेटवर झेंडूची माळ. बाईंनी नाइलाजाने तिला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मागे बसायला गेल्या तर काय! मागच्या आसनाच्या जागी आडवी टाकलेली, दोरांनी बांधलेली, त्यांच्या झोपाळ्याची फळी.

"अहो! ही माझी फळी!"

"आजच्या दिवस गं. आसन शिवायला दिलंय, ते वेळेवर झालं नाही."

"म्हणजे सवतीने पोर्च घेतला, आता पाटही घेतला!"

"बाबा, तुम्ही गए काम से," विभा पुटपुटली आणि पुढे जाऊन बसली.

बाई मागे बसल्या ते फळीची राखण करायला. पायाखाली तो डबा होता, त्याच्यावर पाय ठेवले. पेट्रोलचा वास येत होता, पण त्या गाडीला, उत्तमरावांच्या सदऱ्यांना आणि घरातल्या उशांनाही वर्षभर तोच वास होता. उत्तमरावांनी पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सवत खोकली, थरथरली आणि चक्क गुरगुरायला लागली. उत्तमराव धावत येऊन बसले.

गाडी फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर आली. टांगेवाले वळून बघायला लागले, सायकलवाले बाजूने रेस लावायला लागले, एका हलवायाने कढईतला झारा वर करून सलाम केला. उत्तमरावांनी भोंगा वाजवला तर एक म्हैस रस्ता सोडून नाल्यात उतरली. विभा ओरडली, "बाबा, और तेज!" आणि बाई? बाईंना रडू यावं की हसू हेच कळेना. रस्त्याला खड्डा आला की ती फळी खालीवर होई, आणि वाऱ्याने कपाळावरचे केस उडत. इतक्या वर्षांनी त्या आपल्या फळीवर बसल्या होत्या आणि फळी हलत होती. मजा येत होती मेली! पण हे कबूल करायचं म्हणजे पोर्चवर पाणी सोडायचं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

चुंगीचा नाका दिसायला लागला. आडवा बांबू, लहानशी चौकी, पलीकडे ती खेजडी. उत्तमराव शीळ घालायला लागले. आणि गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि नाक्याच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, ती गप्प झाली.

उत्तमराव उतरले. हँडल मारलं. काही नाही. बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, लावले. तारा चाचपल्या. परत हँडल. काही नाही. ऊन चढत चाललं होतं. पांढरा सदरा, खास सणाचा, कोपरापर्यंत काळा झाला.

"बाबा, पेट्रोल तर नाही ना संपलं?"

"काल मी माझ्या हाताने ओतलंय, विभा. चांगलं डबाभर. ते नाही. काहीतरी आतलंच गेलंय."

बाई फळीवर बसून होत्या. मनात म्हणाल्या, झालं. जिंकले मी. आज संध्याकाळी झोपाळा. पण मनात जसा आनंद व्हायला हवा होता तसा काही होईना, म्हणून त्यांनी नवऱ्याकडे बघायचं टाळलं आणि नाक्याकडे बघत बसल्या.

बगरूच्या बाजूने एक उंटगाडी आली. चुंगीचा मुन्शी चौकीतून न उठताच ओरडला, "क्या लाया रे? भरी है?"

"ना हुकम, खाली है!" उंटवाला अदबीने म्हणाला.

खाली काय आहे, म्हणून बाईंनी सवयीने गाडीच्या चाकांमध्ये बघितलं. खाली काही नव्हतं. उंटवाल्याने मात्र वरचं पोतं उचलून झटकलं आणि मुन्शीला दाखवलं. गाडीत काही नव्हतं. एक काडी नव्हती. मुन्शीने मान हलवली, बांबू वर गेला, गाडी आत आली.

बाई त्या रिकाम्या गाडीकडे बघतच राहिल्या.

अगं बाई! खाली म्हणजे रिक्त!

परीक्षेच्या पुस्तकात रिक्त होतं. खाली कुठे होतं? आणि मग एकेक आठवायला लागलं. स्टेशनाबाहेर टांगेवाले ओरडायचे, "खाली है, बाईजी, खाली है!" आणि आपण म्हणायचो, दिसतंय बाबा, टांगा खालीच असतो, वर चढून बसायचं असतं. सांगानेरच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "पीछे सीट खाली है," आणि आपल्याला कंबरेचं दुखणं, खालच्या सीटवर कशाला बसा म्हणून सांगानेरपर्यंत उभ्याने गेलो. आणि काल? काल मिस्त्री दारात उभे राहून काय म्हणाले? टंकी खाली है. डिब्बा पीछे रख दिया है.

बाईंनी हळूच पाय उचलले. डब्याचं झाकण किंचित सैल केलं, वास घेतला आणि परत बंद केलं. पाणी नव्हतं ते. सवत इथवर आली होती ती टाकीच्या तळाशी उरलेल्या घोटभर पेट्रोलवर.

आता बघा पंचाईत. गाडीला काही म्हणता काही झालेलं नाही. आणि हे सगळ्या जगात एकट्या रत्नप्रभाबाईंना ठाऊक. मिस्त्री गावी. नुसतं तोंड मिटून बसायचं, बास. टांगा करून घरी जायचं, उद्या भंगारवाला, परवा झोपाळा. खोटंही बोलायला नको! आणि तोंड उघडलं तर? तर पोर्च गेला, झोपाळा परत गोणपाटात, आणि वर विभा आयुष्यभर छळणार. लग्न होऊन सासरी गेली तरी सासूला सांगेल, नातवंडांना सांगेल. परीक्षेत पहिली आलेली बाई आणि खाली कळत नाही!

बाईंनी डब्यावर पाय परत ठेवले. घट्ट ठेवले.

उत्तमरावांनी शेवटचं हँडल मारलं. मग ते सरळ उभे राहिले. चिडले असते, गाडीला लाथ घातली असती, तर सोपं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवर आपल्याच हाताचे उमटलेले काळे डाग पुसले. झेंडूची माळ सरळ केली.

"राहू दे, रत्ना," ते म्हणाले. "माझं असंच आहे. उद्या बोलाव त्याला. फक्त त्याला म्हणावं, मी कचेरीत गेल्यावर ये."

बाईंनी डब्यावरचे पाय काढून घेतले. सतार आठवली, बेळगावचे गुलाब आठवले. या वेळी तर बदलीचाही हुकूम नव्हता. या वेळी आपणच हुकूम होतो.

"अहो," त्या ओरडल्या, "टाकी खाली आहे!"

"हो गं," उत्तमराव थकून म्हणाले. "खालीच असते ती."

"तशी खाली नव्हे हो! हिंदीतली खाली!"

कुणालाच काही कळेना. बाई फळीवरून उतरल्या, डबा दोन्ही हातांनी उचलून नवऱ्यापुढे आदळला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: मिस्त्री, साबण, करंज्या, सगळं. "आणि वाकून पण बघितलं मी! होती की खाली! मला काय माहीत मेल्यांनी रिकाम्याला खाली म्हणायला सुरुवात केलीय!"

मग विभा भर अजमेर रोडवर फतकल मारून बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आई गं! काखेत कळसा अन् गावाला वळसा! काखेत पण नाही, पायाखाली!" मुन्शी काय झालं ते विचारायला आला, त्याला विभाने हिंदीत सांगितलं, त्याने उंटवाल्याला सांगितलं. उंटवाला इतका हसला की त्याच्या उंटानेही मान वळवून बाईंकडे बघितलं. बाई लाल झाल्या होत्या. पण उत्तमराव हसत नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

"रत्ना," ते हळू आवाजात म्हणाले, "तू बोलली नसतीस तर..."

"माहितीये मला. ओता आता. ऊन होतंय."

मुन्शीने चौकीतून रद्दीचा कागद दिला, त्याचं नरसाळं केलं, उंटवाल्याने डबा धरला. साबण टिकला. तिसऱ्या हँडलला सवत गुरगुरली. बांबू वर गेला आणि मुन्शीने कोतवाल आल्यासारखा सलाम ठोकला. खेजडीखाली गाडी उभी राहिली. शमीची पूजा बाईंनी केली, पानंही त्यांनीच तोडली, काट्यांनी बोटं ओरबाडली तरी हूं की चूं केलं नाही. येताना त्या पुढे बसल्या. रस्ताभर उत्तमराव शीळ घालत होते. बाईंनी ठरवलं, आता रडायचं नाही. वचन म्हणजे वचन. फळी घरी नेऊन नीट पुसायची आणि परत बांधून ठेवायची. पुढच्या गावी बघू.

गाडी फाटकातून आत आली. पोर्च समोर होता. आणि उत्तमरावांनी चाक वळवलं. गाडी पोर्चला वळसा घालून बाजूच्या कडुनिंबाखाली जाऊन थांबली.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो की. पोर्च आता माझा झाला." उत्तमराव खाली उतरून फळीचे दोर सोडायला लागले होते. "आणि माझ्या पोर्चमध्ये काय ठेवायचं, ते मी ठरवीन. विभा, आतल्या पितळी कड्या आण. आणि माझा ग्रीसचा डबा."

संध्याकाळी मंडळी सोनं द्यायला आली तेव्हा झोपाळा करकरत नव्हता. इतकं ग्रीस तर गाडीच्या चाकांनाही लागलं नव्हतं. विभाने आल्यागेल्या प्रत्येकाला टाकीची गोष्ट सांगितली, अगदी साभिनय, आणि बाईंनी प्रत्येकाला तिच्याआधी करंजी दिली, म्हणजे तोंड भरलेलं राहील. फळीला पेट्रोलचा वास येत होता. बाईंना तो आवडला.

सगळे गेल्यावर उत्तमराव पोर्चच्या पायरीवर टेकले. कडुनिंबाखाली पितळी दिवे चमकत होते. बाई जरा बाजूला सरकल्या आणि शेजारच्या फळीवर हात थोपटून म्हणाल्या,

"अहो, या की. जागा खाली आहे."

आणि उत्तमरावांनी वाकून फळीखाली बघितलं.